मडगावचं मशीन आणि कॅसलरॉकची झडती

मी पहिल्यांदा गोव्याला गेले ती समुद्र बघायला नव्हे, शिवणाचं मशीन आणायला. तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि हद्द अजून बंद झाली नव्हती. आज तुम्ही विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानांत जे हुडकता, ते आम्हा रामनगरच्या लोकांना घाट उतरला की मिळायचं. घड्याळं, अत्तरं, चिनी मातीचे कप, जर्मन मशिनं, सगळं परदेशी आणि आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

लहानपणच्या तापात माझा उजवा पाय वाळला. भातशेतीच्या घरात जिला चिखलात उभं राहून रोप लावता येत नाही, तिचं पुढं काय करायचं, ही आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोजची काळजी होती. शेवटी खानापूरकडचं एक स्थळ आलं. माणूस बिजवर, वयानं माझ्या दुप्पट, आणि त्याला बायकोपेक्षा आजारी आईची उठबस करणारी कुणीतरी हवी होती. मी नाही म्हटलं.

"मग खाशील काय?" आप्पांनी विचारलं.

"शिवून खाईन."

"बरं. उळवीच्या जत्रेपातूर मशीन आण आन् चार पैसं मिळवून दाव. न्हाईतर मी होकार कळवतो."

शिवण मी बेळगावला आत्तीकडं राहून शिकले होते. आत्ती ही आप्पांची बहीण, विधवा आणि तोंडानं फटकळ. तिनं लोणी विकून साठवलेले पैसे काढले, पण बेळगावच्या दुकानात मशिनीची किंमत ऐकून आम्ही दोघी बाहेर आलो. "मडगावला जाऊ या," आत्ती म्हणाली, आणि त्याच आठवड्यात आम्ही निघालो.

रामनगरहून बैलगाडीनं तिनईघाट स्टेशन, तिथून मीटरगेजची गाडी. कॅसलरॉकला आपल्याकडची झडती, घाट उतरल्यावर कुळ्याला पोर्तुगीजांची. जाताना आमच्याकडं भाकरी आणि लसणीची चटणी सोडून काहीच नव्हतं, त्यामुळं कुणी विचारलं नाही. दूधसागर बघायचा असेल तर धबधबा कुठल्या बाजूला दिसतो हे आधी विचारून बसा. मी दुसऱ्या बाजूला बसले आणि घाटभर काळा कातळ बघत गेले.

मडगावात स्टेशनबाहेर उंडे, म्हणजे तिथले गोल पाव, आणि पातळ भाजी खाल्ली, चार आण्यांत पोट भरलं. मग दुकानं. माझं ऐकाल तर पहिल्या दुकानात काही घेऊ नका, आणि जी वस्तू हवी तिच्याकडं बघूही नका. आत्तीनं तिसऱ्या दुकानात आधी कपांचा भाव केला, मग छत्रीचा, मग जाता जाता मशिनीकडं बोट केलं. दुकानदार कोकणीत किंमत सांगत होता, आत्ती मराठीत निम्मी करत होती. मी मात्र घरून दुपदरी मांजरपाट नेला होता. त्यावर टीप मारून बघितली. टाका खालून-वरून सारखा पडला. मशीन हातानं फिरवायचं होतं, म्हणजे पायाचा प्रश्नच नव्हता. झाकणाला एक ओरखडा होता, त्यावर आत्तीनं आणखी थोडे पैसे कमी करून घेतले. मशीन माझ्या मांडीवर आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की समुद्र बघायचा राहिला हे गाडीत बसल्यावर आठवलं.

आता परतीचं. आमच्याकडं सगळे सांगायचे की नव्या वस्तूवर कर बसतो, वापरातली सोडून देतात. म्हणून लोक एकावर एक तीन सदरे घालून घामाघूम होत घाट चढायचे. आम्हीही ठरवलं, कॅसलरॉक येईपर्यंत मशीन वापरून जुनं करायचं. गाडी सुटल्याबरोबर मी बाकावर मशीन मांडलं आणि डब्यात जे फाटकं दिसेल ते मागून घेतलं. कुणाचं धोतर, कुणाचा परकर, लोंढ्याच्या एका म्हाताऱ्याची पिशवी. घाटात गाडी हिसके द्यायची, टीप वाकडी जायची, पण फुकट होतं म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

कॅसलरॉकला झडतीचे साहेब डब्यात चढले.

"हे मशीन नवं आहे?"

"न्हाई वो साहेब, घरचं हाय, वापरातलं," आत्ती म्हणाली.

तेवढ्यात तो लोंढ्याचा म्हातारा कौतुकानं पुढं झाला. "लई झ्याक हाय साहेब. आजच घेतलंय आन् बगा, माझी पिशवी शिवून दिली पोरीनं. किती सस्तात घेतलं, सांग की गं बाई साहेबास्नी."

त्याचा काय दोष? आत्तीनंच मडगावपासून अख्ख्या डब्याला भाव ऐकवला होता. स्वस्तात मिळालेली वस्तू गप्प राहून घरी आणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे कर सांगितला. भरला तर मशीन न्या, नाहीतर इथंच झडतीच्या शेडात राहील. आमच्याकडं तेवढे पैसे नव्हते. आत्ती हात जोडायला लागली. मला तिचा राग आला, म्हाताऱ्याचा आला, आणि खानापूरच्या त्या माणसाचा तर इतका आला की रडू आलंच नाही.

"कर मी भरणार," मी म्हणाले. "तोवर मशीन तुमच्या शेडातच राहू दे. पण मला तिथं बसून शिवू द्या."

"आणि घेऊन पळालीस तर?"

"माझा पाय बगा साहेब. पळून किती लांब जाणार मी?"

ते पहिल्यांदा हसले. शेडच्या पडवीत बसायची परवानगी मिळाली, मशीन पायरीखाली न्यायचं नाही या अटीवर.

गाडी आम्हाला सोडून गेली. रूळ बदलणाऱ्या एका पॉइंट्समनच्या बायकोनं आम्हाला घरी ठेवून घेतलं आणि पहिली चोळी तिचीच शिवली. गावात शिंपी नव्हता, जत्रा तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी पडवीत खणांचा ढीग पडला. आत्ती गिऱ्हाइकं सांभाळायची आणि शिलाई आधी घ्यायची, एक पैसा सोडायची नाही. माझा खांदा भरून यायचा, तरी मी हात थांबवला नाही.

रुळांवर काम करणाऱ्या गँगमनकडून रामनगरला बातमी गेली असावी. एका दुपारी मान वर केली तर बायकांच्या मागं आप्पा बसलेले. ते आपल्या पाळीची वाट बघत होते. पाळी आल्यावर त्यांनी अंगातला सदरा काढून पुढं केला. खांद्यावर उसवला होता.

मी शिवून दिला. त्यांनी कनवटीचे पैसे काढून मशिनीशेजारी ठेवले.

"तुमच्याकडनं घ्यायचं व्हय, आप्पा?"

"घे. काम केलंस न्हवं?"

त्याच आठवड्यात मी कर भरला, पावती घेतली आणि आप्पांनी मशीन स्वतः डोक्यावर घेऊन गाडीत चढवलं. घरी येऊन सगळा हिशेब केला तेव्हा कळलं की बेळगावात घेतलं असतं तरी जवळपास तेवढंच पडलं असतं. तेव्हा ड्यूटी-फ्रीच्या दुकानात शिरताना उगाच हुरळून जाऊ नका, घरापर्यंत आणायचा खर्च धरून भाव करा. मला विचाराल तर मी पुन्हा मडगावलाच जाईन. बेळगावहून आणलं असतं, तर चोळीमागं पैसे मोजून देणाऱ्या त्या अनोळखी बायका मला भेटल्या नसत्या, आणि हे आपल्याला जमतं हे मला कुणी कितीही सांगून पटलं नसतं.

जत्रेच्या आधी खानापूरचा मध्यस्थ उत्तर न्यायला आला. मी आत मशिनीवर होते. आप्पांनी त्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "सांगा त्यास्नी, आमची पोर कामात हाय."