प्लस पंचेचाळीसचा कॉल

दिनेशची नोकरी मी घालवली.

आज वर्ष झालं त्याला जाऊन. सकाळपासून आमच्या शेडच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकू.

दिनेश अंबरनाथला आमच्याकडे वेल्डर. राहायला बेलवलीला. मी त्याचा सुपरवायझर.
स्टीलच्या टाकीला असा जोड मारायचा की बोट फिरवलं तरी कळायचं नाही.

खोकायचा मात्र सारखा.
शेडमधला एक्झॉस्ट फॅन बंद पडला तो पडलाच. मी दोनदा वर सांगितलं आणि गप्प बसलो. मलाही नोकरी टिकवायची होती.

मग या पठ्ठ्यानं बाहेर जायचं मनावर घेतलं. एजंट नको म्हणाला. उल्हासनगरच्या एका एजंटनं त्याच्या भावाचा पासपोर्ट महिनोन् महिने दाबून ठेवला होता.

घरी बसून दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या परदेशी कंपन्या शोधायचा. मोबाइलवर भाषांतर करून स्वतः ईमेल लिहायचा, सोबत आपल्या वेल्डिंगचे व्हिडिओ.

"काय दिनेशशेठ, विमान कुठवर आलं?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

डेन्मार्कच्या एका कंपनीचं उत्तर आलं. व्हिडिओ कॉलवर टेस्ट घेतली. पास.

त्यानं मला त्यांच्या शेडचा फोटो दाखवला. प्रत्येक वेल्डरच्या डोक्यावर एक जाडा पाइप.

"पगाराचं सोडा साहेब, हा पाइप बघा. धूर नाकात जायच्या आत ओढून घेतो."

आता एकच राहिलं होतं. ते त्याच्या साहेबाशी बोलून खात्री करणार होते.

"तुमचा नंबर दिलाय. फोन येईल. इंग्लिशमध्ये दोन शब्द बोला फक्त."
"अरे बिनधास्त. दोन काय, दहा बोलतो."

शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, जेवून आडवा झालो होतो. फोन वाजला. +45.

कट केला.
परत आला. कट.
तिसऱ्यांदा आला तेव्हा ब्लॉक केला. डोक्यात नुसतं फ्रॉड, फ्रॉड. रोज तेच ऐकतो ना आपण.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला शहाणा. ग्रुपवर टाकलं: "+45 वरून फ्रॉड कॉल येत आहेत. कोणीही उचलू नये. पुढे पाठवा."

चार दिवसांनी दिनेश माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, तो नंबर त्यांचाच होता."

त्यानं त्यांना परत ईमेल केला होता. त्यांनी दुसरा माणूस घेतला होता.

आणि मी काय म्हणालो माहितीये? "अरे, मग मला आठवण करून द्यायची ना."

"चुकलंच साहेब," म्हणाला. हेल्मेटची काच खाली ओढली आणि परत त्याच धुरात जाऊन बसला.

पुढे दोन वर्षांत फुप्फुसं संपली. एकेचाळीस वय.

"आमचा हिरा गेला" लिहिताय ना ग्रुपवर? जरा मागे जाऊन माझा तो मेसेज बघा. मी डिलीट केलेला नाही. खाली अठरा अंगठे आहेत.

पहिला दिनेशचा आहे. साहेबांचा मेसेज म्हणून नंबर न बघताच दिला असणार.

दिनेश, तुला श्रद्धांजली वाहायला माझं तोंड नाही. माफ कर रे बाबा.
फॅन अजून बंदच आहे.