सरकारी बांधाला हात लावल्याबद्दल

आम्ही माणखार सोडलं त्या सकाळी आई घर झाडत होती. टेम्पो दारात उभा, कपाट आणि गाद्या चढवून झालेल्या, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय आणि ही बाई ओटी झाडतेय. पुढच्या उधाणाला त्याच ओटीवर खाडीचं पाणी येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. "अगं, बस झालं आता," मी म्हटलं. तिनं केर सुपात भरला आणि म्हणाली, "घाण टाकून निघून जायला आपण काय सरकार हाय?"

आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, पुढची सीट ठेवली होती. ते मागे, कपाटाला टेकून, गावाकडे तोंड करून बसले. पेणचा रस्ता लागेपर्यंत तसेच बसून होते.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले जे मागे राहिले त्यांना हे सगळं माहीत आहे. जे आमच्यासारखे पनवेल, उरण, ठाणे, नाहीतर आखातात पांगले, त्यांच्या मुलांसाठी लिहितेय. त्यांना वाटतं आपल्या आईबापांनी "प्रगती" म्हणून गाव सोडलं.

माणखार धरमतरच्या खाडीला टेकलेलं. आमची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणायचो. त्याच्यात एक लाकडी दार, ती उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर जायचं आणि भरतीला ती समुद्राला आत येऊ द्यायची नाही. पावसाळ्याआधी घरटी एक माणूस काठा दुरुस्तीला जायचा. कुणाला सांगावं लागत नसे.

मग सरकारच्या एका खात्यानं काठा ताब्यात घेतला. देवळासमोर सभा झाली, साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, आणि ते म्हणाले, "आता तुम्ही निवांत राहा. ही सरकारची जबाबदारी." काठ्यावर पत्र्याचा बोर्ड लागला, 'शासकीय मालमत्ता'. त्या खात्यानं आमच्या गावात वेळेवर केलेलं ते पहिलं आणि शेवटचं काम.

पुढे साहेब बदलत गेले, पाहणी तीच राहिली. गाडी जेवणाच्या सुमाराला यायची. तळ्यातला जिताडा मासा कुणाच्या तरी घरी शिजायचा. साहेब हात धुताना सांगायचे, "प्रस्ताव वर पाठवलाय." हे वर म्हणजे कुठं, ते आम्हाला कुणी दाखवलं नाही. आमच्याकडे वरून फक्त पाऊस येत असे.

एका उधाणाला काठ्याला खांड पडली. सुरुवातीला इतकी लहान, की पोरं उडी मारून पलीकडे जायची. आबा आणि गावातले काही गडी चिखल, पेंढा घेऊन बुजवायला गेले, तर खात्याचा माणूस धावत आला. सरकारी बांधाला हात लावाल तर गुन्हा दाखल होईल, म्हणाला. आबा आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढले नव्हते. ते घमेलं घेऊन परत आले. खांड रुंदावत गेली. पुढच्या पावसाळ्यात आमच्या शेतात भाताऐवजी भरती-ओहोटी चालू झाली.

मग शेतात कांदळाची, म्हणजे खारफुटीची, झाडं उगवली. तशी दुसऱ्या खात्याची गाडी आली. हे लोक म्हणाले, हे आता जंगल आहे, इथं फांदी तोडलीत तर खबरदार! एका खात्यानं जमीन बुडू दिली आणि दुसऱ्यानं ती बुडालेलीच राहील याची काळजी घेतली. दोन सरकारी खात्यांचा इतका सुरेख मेळ मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. आबांच्या सातबाऱ्यावर अजून भात आहे. जमिनीवर कांदळ आहे आणि त्याच्या मुळांत खाडीतली मासळी, बोयटं फिरतात.

नवी मुंबईत मला कंटेनर यार्डच्या ऑफिसात नोकरी लागली. आधी भाड्याची खोली, मग फ्लॅट. सेक्टर, सोसायटी, मेंटेनन्स, लिफ्टची एएमसी असले शब्द आईच्याही तोंडात बसले. खाली भाजीवाला तिच्याशी हिंदी बोलतो, ती त्याला आगरीत उत्तर देते आणि दोघांचं भागतं. आबांचं मात्र भागत नव्हतं. ते संध्याकाळी इमारतीमागच्या तलावाभोवती फिरायचे.

एक दिवस ते घाईघाईनं वर आले आणि चपला न काढताच मला म्हणाले, "चल, तुला कायतरी दाखवतो." तलावाच्या खाडीकडच्या टोकाला सिमेंटची भिंत आणि तिच्यात लोखंडी झडपा होत्या. ओहोटी होती. झडपांतून शहराचं पाणी खाडीत पडत होतं. शेजारी पंपाची खोली, रखवालदार, दिवा.

"वळखलीस? उघाडी हाय," आबा म्हणाले.

हे सेक्टरसुद्धा आमच्यासारख्याच खारजमिनीवर उभे आहेत. भरती त्यांच्याही डोक्यावरून गेली असती. आबांनी झडपा एकेक करून मोजल्या. मग अगदी सावकाश म्हणाले, "म्हंजे यांना येतंय."

तोवर मी सरकारला मूर्ख समजत होते आणि त्यात एक समाधान होतं. मूर्खाला माफ करता येतं. त्या संध्याकाळी ते समाधान गेलं. यांना समुद्र अडवता येतो. जिथं चौरस फुटाला भाव आहे तिथं तो अडवतात. जिथं नुसतं भात पिकतं, तिथं प्रस्ताव वर पाठवतात.

गेल्या वर्षी मथुराकाकीचा फोन आला. ही आबांच्या चुलतभावाची बायको. वरच्या आळीत जी थोडी घरं उरली आहेत, त्यांतलं एक तिचं. बाहेरकाठा गेल्यावर आतला जुना बांधच, तोही खात्याच्याच नावावर गेलेला, वरच्या शेतांना आणि विहिरीला वाचवत होता. "बांध खचलाय गो," काकी म्हणाली. "अवसेच्या उधाणाला टिकायचा न्हाय. साहेबाला सांगून आले. तो म्हणतो, इलेक्शन हाय, आचारसंहितेत काम करता येत न्हाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, एक पत्र समुद्राला पण पाठवा."

गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर सुप्रभात आणि भावपूर्ण श्रद्धांजली याशिवाय काही येत नसे. मी त्यावर काकीनं पाठवलेला बांधाचा फोटो टाकला आणि लिहिलं, रविवारी ओहोटीला मी जातेय. खरं सांगते, दहा-बारा टाळकी जमतील असं वाटलं होतं.

रविवारी मी आबांना घेऊन पोचले. उरणहून आमचे डंपरवाले मुरूम भरून आले. ठाण्याहून बँकेत नोकरी करणारा एकजण आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. माहेरवाशिणी आल्या. बौद्धवाडीतले निवृत्त जाधव गुरुजी दोन्ही मुलांना आणि सुनांना घेऊन आले. जुन्या काळी काठ्याचं सगळ्यात खोल, सगळ्यात घाणेरडं काम त्यांच्या वाडीकडे असायचं आणि भाकरी वेगळ्या जागी. गुरुजींनी तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं, "या वेळी खोलात सगळे उतरतील." सगळे उतरले. दुपारी एकाच ताडपत्रीवर जेवलो. यात सरकारचा काडीचा वाटा नव्हता, म्हणूनच ते झालं असावं.

बांबू ठोकून झाले, पेंढा आणि चिखल भरणं चालू होतं, तेव्हा जीप आली. इतक्या वर्षांत रविवारी आलेली पहिली सरकारी गाडी. तरुण इंजिनियर उतरला आणि कोरडी जमीन संपते तिथं थांबला.

"कोणाच्या परवानगीनं चाललंय हे?"

"भरती येतेय," काकी चिखलातूनच ओरडली. "तिला थांबव, मग आमी पण थांबतो."

"वरून फोन आलाय, काम ताबडतोब बंद करा."

मला हसू आलं. "अहो, इतकी वर्षं प्रस्ताव वर जातायत. आज पहिल्यांदा वरून काही खाली आलं."

तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मलाही नोकरी आहे." मला त्याची कीव आली नाही. आम्हाला बुडवणारे सगळेच नोकरी सांभाळत होते. गुरुजींनी चिखलाचा गोळा त्याच्यापुढे धरला. "लावता का? नाहीतर बाजूला व्हा." तो बाजूला झाला आणि मोबाईलवर आमचे फोटो काढू लागला.

मग भरती आली. आम्ही बांधावर रांगेनं उभे राहिलो. पाणी चढत गेलं, बांधाच्या अंगावर आलं. एका जागी पाझर फुटला, तिथं डंपरवाल्यांनी पोती टाकली. आणखी थोडं चढलं, आणि थांबलं. आत विहिरीकडे जमीन कोरडी होती. कुणी घोषणा दिली नाही. आबा होते तिथंच बांधावर बसले आणि दोन्ही तळवे ओल्या मातीवर टेकवून राहिले.

थोड्याच दिवसांत नाक्यावर बॅनर लागला. आमच्या बांधाचा फोटो, त्यावर एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा, आणि 'यांच्या अथक प्रयत्नांतून'. त्याच आठवड्यात आम्हाला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, शासकीय मालमत्तेत बेकायदेशीर हस्तक्षेप केल्याबद्दल. काम एकच, त्याचं श्रेय वरच्यांचं आणि गुन्हा आमचा.

देश सुधारेल का, असं माझी मुलगी मला विचारते. बॅनरवरच्या चेहऱ्यांकडून मला कसलीही आशा नाही, तिरस्कारसुद्धा त्यांच्यावर जपून खर्च करते. पण त्या रविवारी गुडघाभर चिखलात मी जे पाहिलं, त्याला दुसरं काय नाव देऊ? इतकी माणसं, कुणी हुकूम न देता, स्वतःच्या नसलेल्या विहिरीसाठी आली होती. देश म्हणजे हेच असेल तर तो अजून शिल्लक आहे.

पोलीस ठाण्यात आबा माझ्याआधी उभे होते. हवालदारानं नाव विचारलं, वय विचारलं. मग, "राहणार?"

"माणखार."

"आजोबा, आधारवर तर नवी मुंबई आहे."

"तिथं झोपतो," आबा म्हणाले. "राहतो माणखारला."

हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तुम्ही, ताई?"

मीही माणखारच सांगितलं. त्यानं माझं आधार कार्ड मागितलं नाही.