धवलारणीचा हात आणि माझा अर्ज

लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी नातेवाइकांना सांगितलं होतं, "मुलगी डॉक्टर नाही, पण त्यातलंच काहीतरी शिकलीय." त्यातलंच काहीतरी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मुंबईत मी तिची पदवी घेतली होती, एका मोठ्या रुग्णालयात नोकरीही केली होती, पण हे नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा कोरा व्हायचा. मग मी सांगायची, "आजारपणानंतर माणसाला आपली रोजची कामं पुन्हा आपली आपण करता यावीत, म्हणून आम्ही मदत करतो." त्यावर नवऱ्याचे एक काका म्हणाले होते, "म्हणजे आंघोळ घालता?"

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लग्नानंतर मी वाशीला राहायला आले. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सासूबाई रत्नागिरीकडच्या. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे आल्या. इमारत इतकी नवी की जिन्याला रंगाचा वास यायचा, आणि गच्चीवरून पाहिलं तर चहूकडे अर्धवट उभे सांगाडे आणि त्यांच्यापलीकडे खाडी. माझी नोकरी पार मुंबईच्या दुसऱ्या टोकाला होती. पुलावरून बस, मग दुसरी बस, मग चालणं. काही महिने ओढाताण केली आणि सोडली.

घरी बसवेना. आमच्या सेक्टरात एका डॉक्टरांचं छोटंसं नर्सिंग होम होतं. त्यांना जाऊन भेटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याकडे पॅरालिसिसचे पेशंट येतात. गोळ्या देतो आणि घरी पाठवतो. पुढे त्यांचं काय होतं, मला माहीत नसतं. दुपारी मागची खोली रिकामी असते. बघा तुम्ही."

त्या खोलीत माझ्याकडे आलेल्या पहिल्या काही पेशंटांपैकी एक जवळच्या शिरवणे गावची आजी होती. सून तिला रिक्षात घालून घेऊन आली. उंच, सावळी, कपाळावर मोठं कुंकू. अर्धांगाचा झटका येऊन काही महिने झाले होते. पाय बराचसा सुधारला होता, जीभ जराशी जड होती, पण उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा.

मी शिकले होते तशी सुरुवात केली. लाकडी फळीवरच्या भोकांमध्ये रंगीत खुंट्या बसवायच्या, काढायच्या, पुन्हा बसवायच्या. दोन-तीन दिवस तिनं ऐकलं. मग खुंटी टेबलावर ठेवून म्हणाली, "बाय, ही पोरांची खेलनी. मना याचा काय उपेग?"

"हात चालायला लागेल, आजी."

"चालून काय करनार हाय?"

उलट मीच विचारलं, "तुम्ही आधी काय करायचात?"

उत्तर सुनेनं दिलं. "आई धवलारीन हाय ना. आमच्या इकडं लगीन तिच्याबिगर लागत नाय."

मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. सुनेनंच समजावून सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण देवांना आवाहन करणारी गाणी, म्हणजे धवले गाते, हळदीपासून एकेक विधी पुढे नेते, आणि तांदळाच्या पिठानं चौक काढते. चौक म्हणजे रांगोळीसारखी आकृती, पण शुभकार्याची. तो उजव्या हातानंच काढायचा. आजीनं झटक्यानंतर सगळी बोलावणी परत पाठवली होती. डाव्या हातानं चौक काढायला ती तयार नव्हती, आणि चौक दुसरीनं काढायचा आणि गाणं आपण म्हणायचं, हेही तिला पटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी जमिनीवर पाट मांडून बसले, वाटीत पीठ घेतलं आणि स्वतःच्याच हाताकडे बघत रेघ ओढायला लागले. सासूबाई भाजी निवडत होत्या. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"बघतेय, रेघ ओढताना कुठला सांधा काय करतो ते."

अंगठा आणि दोन बोटांची चिमूट पीठ धरते आणि थोडं थोडं सोडते. मनगट स्थिर राहतं. कोपर सरकतं. खांदा सगळ्यांना तोलून धरतो आणि कंबर वाकते. आजीची चिमूट बंद होत होती, पण उघडत नव्हती, आणि खांदा तर अजिबात तोलत नव्हता. म्हणजे सुरुवात खांद्यापासून करायला हवी होती. कॉलेजात कामाचे असे तुकडे पाडून बघायला आम्हाला शिकवलं होतं, पण तो माझ्या दृष्टीनं परीक्षेतला एक प्रश्न होता. त्या पाटावर तो पहिल्यांदा माझ्या कामी आला.

दुसऱ्या दिवसापासून मीच शिरवण्याला जायला लागले. आजीच्या ओटीवर आमचं काम चालायचं. आधी परातीत तांदूळ पसरून तळहातानं सारखे करायचे. मग भाकरीच्या पिठाचा गोळा मळायचा. मग जाड रवा चिमटीत धरायचा आणि सोडायचा. रवा सुटायचा नाही, बोटं आखडायची, आजी चिडायची, मलाही आतून निराश वाटायचं. पण आता "उपेग काय" असं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

हे सगळं चालू असतानाच वर्तमानपत्रात जाहिरात आली. मुंबईच्या एका कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज मागवले होते. जागा अगदी मोजक्या. मी जाहिरात नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "भर. नाही कोण म्हणतंय?" मग जाहिरात पुन्हा वाचत म्हणाला, "आईशी बोल मात्र. घर तिच्यावर पडणार."

मी घाबरत घाबरत सासूबाईंपुढे विषय काढला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी ट्रेनिंग कॉलेजला अर्ज केला होता, लग्नानंतर. सासऱ्यांनी नको म्हटलं. पुढे तीन वर्षांनी गेले, पण तोवर वाचायची सवय मोडली होती. तू सवय मोडू देऊ नकोस." एवढंच बोलल्या आणि कुकर लावायला उठल्या.

अर्ज पाठवला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मला दिवस गेल्याचं कळलं.

मुलाखतीची तारीख आली तेव्हा पोट दिसायला लागलं होतं. आमच्या मजल्यावरच्या शेजारणीनं सल्ला दिला, "जाड कॉटनची साडी नेस, पदर पुढून घे. कळणार नाही कुणाला." मी शिरवण्याला गेले तेव्हा आजीलाही विचारलं. ती रवा चिमटीत घेता घेता म्हणाली, "लपवून काय व्हनार? पोर काय तुजी अडचन हाय व्हय? तोंडावर सांग."

मुलाखत घेणारे तिघं होते. विभागप्रमुख बाई, वयानं मोठ्या, कडक इस्त्रीची साडी, आवाज हलका पण ठाम. शेजारी दोन डॉक्टर. सगळं संभाषण इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं. बसल्या बसल्या मी सांगून टाकलं, "मी गरोदर आहे. जून-जुलैत बाळंतपण होईल. तरी मला शिकायचंय, आणि घरून पाठिंबा आहे."

दोघांतले एक डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "जागा इतक्या कमी, आणि तुमचं पहिलं सत्रच बुडणार. हे तुम्हालाही कळतं ना?"

"कळतं," मी म्हणाले.

बाईंनी विषय बदलला. "सध्या काय करता?"

मी आजीची गोष्ट सांगितली. चौक, पीठ, खांदा, चिमूट. सांगता सांगता भीती गेली. बाई पुढे झुकून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सुधारणा किती आहे?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे किती? सुरुवातीला हात कुठपर्यंत उचलता येत होता? चिमटीत काय धरता येत होतं, किती वेळ? आज किती?"

मी काहीच मोजलं नव्हतं. मला दिसत होतं, आजीला जाणवत होतं, त्यातच मी समाधानी होते.

निवड झाली नाही. यादी बघून मी कॉरिडॉरमध्ये उभी होते, तेवढ्यात बाई बाहेर आल्या. मला ओळखून थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुझी केस चांगली आहे. पण तुला चांगली वाटते म्हणून मी ती चांगली कशी म्हणू? पुढच्या वर्षी ये. येताना मोजमाप घेऊन ये. आणि बाळाला बरं ठेव."

परतीच्या बसमध्ये पुलावर मला रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं मला मळमळतंय, तिनं लगबगीनं खिडकीची जागा दिली. खाडीचा वारा लागला तसं जरा बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की बाईंचं म्हणणं खरं आहे. राग धरायला जागाच नव्हती.

मग मोजायला लागले. खांद्याचा कोन, चिमटीची ताकद, रेघ किती लांब आणि किती सरळ येते, सगळं आठवड्यातून एकदा लिहून ठेवायचं. आजीला याची गंमत वाटायची. "शिंपी माप घेतो तशी घेतेस," म्हणायची. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी आणखी तीन-चार बायका माझ्याकडे पाठवल्या. एक सारसोळे गावची कोळीण होती, तिला मासळी साफ करताना कोयता धरता यायला हवा होता. एक आमच्याच सेक्टरातली बँकेत काम करणारी होती, तिला सही. प्रत्येकीला आधी विचारायचं आणि मग तिच्या कामाचे तुकडे पाडायचे, हे आता माझ्या अंगवळणी पडलं होतं.

मुलगी झाली. सव्वा महिना घरात काढला, आणि पुढे काय करायचं या विचारात होते. तर एके सकाळी सासूबाईच तयार होऊन बसल्या. "चल शिरवण्याला. मी बाळाला घेऊन बसते, तू तुझं काम कर."

असं आमचं तिघींचं जाणं सुरू झालं. ओटीच्या एका टोकाला माझं काम, दुसऱ्या टोकाला पाळणा. सासूबाई अंगाई म्हणायला लागल्या की आजी इकडून ओरडायची, "अगो, असं रडल्यावानी काय गातंस? पोर झोपल कसं?" आणि आपली अंगाई सुरू करायची. सासूबाईंना ती भाषा अर्धीमुर्धीच कळायची, पण हट्टानं अर्थ विचारून घ्यायच्या. आजीची जीभ त्या गाण्यांमुळे मोकळी होत गेली असं मला वाटायचं, पण ते मी मोजलेलं नव्हतं, त्यामुळे कुठे लिहिलं नाही.

त्या हिवाळ्यानंतर शिरवण्यातच आजीच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं. घरच्यांनी विचारलं, आणि आजी हो म्हणाली. मला मात्र धाकधूक. घरच्या ओटीवर रेघ येणं वेगळं आणि भरल्या मांडवात सगळ्यांसमोर बसणं वेगळं. आम्ही तिघीही गेलो. आजी पाटावर बसली. सुनेनं पिठाचं ताट पुढे केलं. पहिली रेघ मध्येच तुटली. आजीनं डोळे मिटले, खांदा सावरला आणि धवला म्हणायला सुरुवात केली. गाणं चालू झाल्यावर हातही चालायला लागला. चौक पूर्ण व्हायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला असणार, आणि एक कोपरा चक्क वाकडा होता. पण तिथं कुणालाही घाई नव्हती. नवरीच्या आईनं तोंडाला पदर लावला होता. माझ्या सासूबाईही डोळे टिपत होत्या, आणि विचारलं तर हळदीचा धूर गेला म्हणाल्या. हळदीचा कसला धूर!

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला. खोली तीच होती, टेबलही तेच. मुलगी सासूबाईंच्या कडेवर बाहेर बाकावर होती, कारण तिला अंगावर पाजायचं होतं. बाईंनी माझे कागद घेतले आणि सावकाश वाचले. चार बायकांची मोजमापं, महिन्यामहिन्यांची. ज्या डॉक्टरांनी मला गेल्या वर्षी जागेबद्दल विचारलं होतं, त्यांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं. "ही बाई मधल्या दोन महिन्यांत मागे गेलेली दिसते. का?"

"तिच्या घरी मयत झालं होतं. ती कुणाशी बोलत नव्हती, काम करायलाही तयार नव्हती. मी ते तसंच लिहिलंय."

"काढून टाकता आलं असतं."

"हो, पण मग पुढची सुधारणा कुठून सुरू झाली ते कळलं नसतं."

त्यांनी मान हलवली. बाईंनी कागद पुन्हा नीट लावून माझ्याकडे सरकवले. तेवढ्यात बाहेरून मुलीच्या रडण्याचा आवाज आला आणि त्या हसल्या. "जा. ती थांबणार नाही."

यादीत माझं नाव होतं. नवऱ्यानं कारखान्यातून येताना पेढे आणले, आणि त्यातले निम्मे मी दुसऱ्या दिवशी शिरवण्याला नेले. आजीनं उजव्या हातानं पेढा माझ्या तोंडात घातला. बोटं थोडी थरथरली, पण पेढा पडला नाही.

कॉलेजचा पहिला दिवस संपवून संध्याकाळी घरी आले तेव्हा छातीत दूध भरून दुखत होतं आणि पाय सुजले होते. मुलीला घेऊन मी स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून बसले. सासूबाईंनी गरम वरणभाताचं ताट पुढे ठेवलं आणि समोर पाट ओढून बसल्या.

"हं, आज काय शिकवलं?"

मला वाटलं सहज विचारतायत. मी म्हटलं, "अंगठ्याचे स्नायू. उजळणी होती."

"मग सांग की. अंगठ्याला किती असतात?"

एका हातानं मुलीला धरून, दुसऱ्या हातानं जेवत मी सांगायला लागले. त्यांनी स्वतःचा अंगठा वाकवून, फिरवून पाहिला, मध्येच थांबवून दोनदा विचारलं, आणि माझं एक नाव चुकलं ते पुस्तक उघडून बघायला लावलं.