पानीपन नको

पुण्याला नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा बाबा वसईजवळच्या आमच्या कामणच्या नाक्यावर माझी बॅग घेऊन एसटीत चढले ते खाली उतरायलाच तयार नव्हते. कंडक्टर ओरडला तेव्हा उतरले. आईने खिडकीतून माझा हात धरून एकच धोशा लावला होता, "पानी उकळून पी गो बाय, पानी बदललं की पोट बिघडतं." मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, कारण शेजारच्या बाई गालात हसत होत्या. का हसल्या ते होस्टेलवर गेल्यावर कळलं.

तिथे माझ्या 'पानी'ला मुली पोट धरून हसल्या. मीही हट्टाला पेटले. सहा महिन्यांत असा ण घोटला की मनालासुद्धा 'मण' म्हणायला लागले! पुढे नोकरी, लग्न, बढती सगळं पुण्यातच झालं. वीस वर्षांनी नवऱ्याची बदली झाली, आम्ही नालासोपाऱ्यात फ्लॅट घेतला आणि मी वसई पूर्वेच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगची मॅनेजर झाले. माहेर रिक्षाच्या अंतरावर आलं, पण घरची बोली काही परत आली नाही. आईशीसुद्धा मी पुस्तकातलं बोलायचे.

गेल्या वर्षी हॉस्पिटलने मला लीडरशिपच्या कोर्सला घातलं. शनिवार-रविवार वर्ग, सोबत सगळे डॉक्टर नि एमबीए झालेले. शेवटी आपल्या हॉस्पिटलातला एक प्रश्न सोडवून दाखवायचा. माझा प्रश्न तयारच होता. ऑपरेशनचे पेशंट काहीतरी खाऊन यायचे, मग भूल देता यायची नाही आणि ऑपरेशन रद्द. चिठ्ठीवर 'उपाशीपोटी यावे' असं ठळक छापलेलं असूनही! मी रंगीत तक्ते केले, नर्सना दम दिला, अक्षरं आणखी मोठी केली. कोर्सच्या सरांनी तक्ते पाहून विचारलं, "सगळं छान आहे मॅडम. पण पेशंटशी कोण बोललं?" असा राग आला! पण खरंच, मी एकाही पेशंटशी बोलले नव्हते.

लगेच सोमवारी खाडीकाठच्या एका काकींचं हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्यांदा रद्द झालं. दुखण्याने वाकल्या होत्या बिचाऱ्या. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, उपाशी या म्हणून सांगितलं होतं ना? त्या बावचळल्या. "उपासच केलाय ना सिस्टर! साबुदान्याची खिचडी नि दोन केळी. भाताला, मावऱ्या-मासळीला हात नाय लावला, देवाशपथ."

अगं आई गं! 'उपाशी' म्हणजे उपास. माझ्या आईनेही हेच केलं असतं, अगदी मनोभावे. मी त्यांच्या खाटेवर बसले आणि इतक्या वर्षांनी आपसूक तोंडातून आलं, "काकी, परवा सकाळी कायच नको. खिचडी नको, चाय नको, पानीपन नको."

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजी तू आमच्यातलीच? मग एवढे दिस का नाय गो बोललीस?"

दोन दिवसांनी त्या काहीही न खाता आल्या आणि ऑपरेशन नीट झालं.

चिठ्ठी बदलायची, तीही शब्दशः काकींना सांगितलं तशीच, असं मी ठरवलं. मोठे साहेब म्हणाले, "शुद्धलेखन तपासा, हॉस्पिटलच्या अब्रूचा प्रश्न आहे." कोर्सच्या शेवटच्या दिवशी तेही पाहुणे म्हणून बसले होते. पडद्यावर चिठ्ठी आली. मी 'पानीपन नको' मोठ्याने वाचलं. मागे कोणीतरी खुदकन हसलं. मी थांबले. म्हटलं, "ही चूक नाही. माझ्या घरी असंच बोलतात, आणि असं सांगितलं की पेशंटला कळतं." दुसऱ्या दिवशी साहेबांनी चिठ्ठी छापायला पाठवली, एक अक्षर न बदलता. फार फार बरं वाटलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला. चष्मा नसला की ती नाव न बघताच उचलते. म्हटलं, "आये, जेवलीस काय गो?"

ती बिचकत म्हणाली, "कोन बोलतंय?"

इतकी वर्षं ओळखीच्या आवाजात परक्यासारखी बोलले, तेव्हा तिने कधी विचारलं नव्हतं. "मी गो, तुझीच लेक," म्हटल्यावर मात्र जी बोलत सुटली ती थांबेचना. शेजारणीचं भांडण, यंदाचं भात, बाबांचं खोकणं, सगळं. अधूनमधून आम्ही जात होतोच की माहेरी. पण हे मला कधी सांगितलं नव्हतं तिने. दूर गेलेल्यांनो, कधीतरी घरी आपल्या बोलीत फोन लावून बघा. पहिल्यांदा ओळखणार नाहीत तुम्हाला. तेवढं सोसा.