फाईली बारीक करण्याचा आठवडा

नातीने परवा माझ्या पेन्शनचे कागद कुठल्याशा सरकारी साइटवर चढवले, तर फाईल मोठी आहे म्हणून ते परत आले. तिने फोनवर काहीतरी टकटक केलं आणि फाईल निम्मी झाली. "त्यातलं काही जात नाही गं आजी," म्हणाली. मी बरं म्हटलं. फाईली बारीक करणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, कारण मी त्यांच्यातलीच आहे.

सत्तरच्या दशकात मी कर्जतच्या कचेरीत टायपिस्ट होते. वरून तपासणी येणार म्हटल्यावर आमच्या अव्वल कारकुनांच्या अंगात आलं. कुळांच्या दाव्यांच्या फाईली इतक्या फुगलेल्या, की कपाटाचं दार गुडघा लावून बंद करावं लागे. शहाण्या माणसाने दुसरं कपाट मागितलं असतं. यांनी फर्मान काढलं, एका कागदाच्या दोन प्रती असतील तर स्वच्छ ती ठेवा, मळकी फाडा. काय ती अक्कल. जसं काही कागदांचं लग्नच ठरवायचं होतं.

आठवडाभर आम्ही तिघं फाडत बसलो. मागची बाजू कुणी वाचत नव्हतं. आमच्या कचेरीत कागदाची कोरी पाठ दिसली की जो तो तिच्यावर काहीबाही खरडायचा, गाडीच्या वेळा, पेन चालतंय का म्हणून मारलेल्या रेघोट्या. त्यामुळे पाठीवर शाई दिसली तरी तो कचराच, हे डोक्यात पक्कं. तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाट बघून मान डोलावली. एक फाईल उघडली नाही. अव्वल कारकून महिनाभर कॉलर ताठ करून हिंडले.

मग भिवपुरीकडच्या एका खेड्यातली विधवा आली. तिचा नवरा दुसऱ्याचं भातशेत कसायचा, कूळ म्हणून ते त्याच्या नावावर व्हायचं होतं. तोही गेला, शेताचा मालकही गेला, आणि मालकाचे मुलगे म्हणू लागले की तो आमच्याकडे नुसता मजुरीला होता. सुनावणी चार दिवसांवर आलेली.

"बाय, नवऱ्याच्या अर्जाची परत हाय तुमच्यात," ती म्हणाली. "तिच्या मागल्या अंगाला मालकानं लिवलंय, का ह्योच माजं शेत कसतो. सही पन हाय. तेवढी काढून दावा."

"तुम्ही वाचलंय का मावशी?"

"मला कुठं वाचाय येतंय. आमच्या ओट्यावर बसून लिवलं त्यानं. माजा हळदीचा हात लागला त्या कागदाला, लगीच वळखू येल."

मी फाईल काढली. अर्ज होता. एकच, पांढराशुभ्र, पाठ कोरी. हळदीची बोटं उमटलेला कागद मला चांगला आठवत होता. पाठीवरच्या निळ्या शाईच्या चार ओळीही दिसल्या होत्या. नाक मुरडून मीच तो फाडला होता, वर म्हटलं होतं, ही माणसं सरकारी कागद मसाल्याच्या डब्यात ठेवतात की काय.

अव्वल कारकुनांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, असा कागद होता अशी नोंद आहे कुठे? नाही ना? मग नव्हता." झालं. इतकं सोपं. त्या माणसाची मला किळस आली, आणि तरी मी खाली मान घालून जागेवर जाऊन बसले.

सुनावणीला फाईल घेऊन मलाच उभं केलं. मामलेदारांनी विचारलं, "बाई, या म्हणतात तो कागद फाईलीत आहे का?" ती माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त.

"नाही साहेब," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

शेत मालकाच्या मुलांकडे राहिलं. बाहेर पायरीवर ती माझ्यासाठी थांबली होती. मला वाटलं, आता शिव्या घालील. घालायला हव्या होत्या.

"तू तरी काय करशील बाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या हातनं गेला असंल."

मी हो म्हटलं.