भुजंगरावांचे सागरी मावंदे

यात्रेहून परतलेल्या माणसाच्या पायांना आपल्याकडे काही काळ देवत्व येते. काशीहून आलेला मनुष्य थेट घरात शिरत नाही. तो वेशीवरच्या मारुतीच्या देवळात थांबतो, घरची मंडळी वाजतगाजत त्याला आणायला जातात, पाटावर बसवून त्याचे पाय धुतात, त्याने आणलेल्या गंगाजलाच्या गडूची पूजा होते आणि मग पंगत बसते. या सोहळ्याला मावंदे म्हणतात. त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही, की त्या दिवशी वयाचा मान आपण होऊन मागे सरतो. चुलता पुतण्याच्या पाया पडतो, मोठा भाऊ धाकट्याच्या पाया पडतो. कारण तो नमस्कार माणसाला नसतोच. त्याच्या तळव्यांना लागून आलेल्या तीर्थाच्या धुळीला असतो. इतका विनयशील विचार ज्यांना सुचला त्या पूर्वजांचे स्मरण हात जोडूनच करावे. आणि त्या विचाराचे पाथरी तालुक्यातल्या भुजंगरावांनी काय केले, तेही सांगावे.

भुजंगराव खत-औषधांचे दुकानदार. दुकान पाथरीत, घर गंगाकाठच्या गावात. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पायी चालणे हे भुजंगरावांना दारिद्र्याचे लक्षण वाटते. दुकानासमोरच्या हॉटेलात चहाला जायचे तरी ते मोटारसायकल काढतात. रस्ता ओलांडून होईपर्यंत दुसरा गिअर टाकायचीही वेळ येत नाही. स्वतःचे शेत ते मोटारसायकलवर बसूनच, बांधावर एक पाय टेकवून पाहतात. पेरणी कशी झाली हे त्यांना गड्याने सांगावे लागते. पण अंगावरच्या शर्टाची इस्त्री कधी मोडलेली कोणी पाहिली नाही.

त्यांचे थोरले बंधू आप्पाराव. वडील वारले तेव्हा भुजंगराव शाळेत होते. आप्पारावांनी औत धरले, धाकट्याला शिकवले, त्याचे लग्न लावून दिले आणि वाटणीच्या वेळी रस्त्याकडेचा चांगला तुकडा न मागता त्याच्या नावाने केला. इतके उपकार सोसणे कोणालाही जड जावे. भुजंगरावांना ते असह्य झाले. त्यात गावाची खोड अशी, की विहीर कुठे खोदावी, पोरगी कोणत्या घरी द्यावी, कोणता बैल घ्यावा, हे सारे आप्पारावांना विचारून व्हायचे. भुजंगरावांच्याच दुकानात उभा असलेला, औषधाची बाटली हातात घेऊन तिची चिठ्ठी वाचलेला माणूस म्हणायचा, "थांबा भुजंगराव, आप्पाला इचारून येतो."

आप्पारावांनी धाकट्याचा कधी अपमान केला नाही. त्यांनी त्याला कधी काही विचारले नाही, इतकेच. ते त्याला 'बारक्या' म्हणत. त्याच्या मिशा पिकल्या तरी म्हणत. या सगळ्याचा निचरा होऊन भुजंगरावांच्या मनात तळाशी एकच वासना उरली होती: दादाने एकदा, गावादेखत, आपल्यापुढे वाकावे. मनुष्य मोक्षाची इच्छा धरतो, राज्याची धरतो. भुजंगरावांची इच्छा एका वाकलेल्या पाठीची होती.

गेल्या हंगामात एका कंपनीने दुकानदारांपुढे आमिष ठेवले, की नेमून दिलेला माल जो खपवील त्याला सपत्नीक क्रूझची सहल. कोणाच्या कापसाला काय हवे आहे हा प्रश्न त्या हंगामात मागे पडला. जो दारात आला त्याच्या पिशवीत भुजंगरावांनी तीच बाटली घातली, आणि दिवाळी झाल्यावर ते पत्नी विजयमालाबाईंसह मुंबईला जाऊन जहाजावर चढले. सोबत परभणी जिल्ह्यातली आणखी मंडळी होती, त्यांत पूर्ण्याचे सिद्धोधन. तेही दुकानदारच, पण सरळ माणूस, आणि जिभेला धार.

या जहाजांचे वर्णन वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून येते, तेवढेच त्यांना शोभते. सर्वांत वरचा मजला म्हणजे उघडा डेक. मध्यभागी पोहण्याचे तळे, त्याच्या कडेने पाठ टेकून पडायच्या खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांच्याही बाहेरून चालण्यासाठी आखलेली वाट. खाली समुद्र असतो, पण इतका खाली, की त्याचा हात लागत नाही. ज्या रत्नाकरापुढे रघुनाथालाही दर्भ अंथरून बसावे लागले, त्याच्या छातीवर निळ्या फरश्यांचा हौद बांधायचा, त्यात डुंबायचे आणि समुद्राकडे पाठ करून सरबत प्यायचे! ऐश्वर्याला बुद्धीचा आधार नसला की त्याचे असे हसे होते.

पहिल्या पहाटे भुजंगराव डेकवर गेले आणि त्यांनी खुर्च्यांवर रुमाल टाकले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या त्यांना अवगत होती. स्वतःचा रुमाल, विजयमालाबाईंचा टॉवेल, मफलर, एक बनियन, असे टाकत त्यांनी परभणी जिल्ह्यासाठी एक अख्खी रांग धरली. न्याहारी करून येतात तो जहाजाच्या नोकराने ते सारे नीट घडी करून एका टोपलीत ठेवले होते. मुंबईच्या मंडळींनीही रांगा धरल्या होत्याच; पण त्यांचे टॉवेल जहाजाचे होते आणि पांढरे होते, म्हणून त्याला अडाणीपणा म्हणत नाहीत.

ऊन वर आले तशी माणसे त्या उन्हात येऊन पडू लागली. अंगाला तेल चोपडून, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून, दंडवत घातल्यासारखी.

"सावली सोडून उन्हात पडायलेत," भुजंगराव म्हणाले. "येड्याचा बाजार हाय."

"आपल्याकडं या मनावं मे महिन्यात," सिद्धोधन म्हणाले. "दोनी अंगांनी भाजून देऊ."

कानात गाण्याचे यंत्र घातलेली एक बाई झपाट्याने चालत पुढून गेली. थोड्या वेळाने तीच मागून आली, पुन्हा पुढे गेली.

"हिचं काय हरवलं असंल?"

"भूक हरवली असंल. दुपारच्या जेवणाआधी हुडकायली."

भुजंगराव हसले खरे, पण त्यांनाही चालून पाहावेसे वाटले. इथे मोटारसायकल नव्हती आणि सगळे प्रतिष्ठित लोक चालत होते. ते निघाले. आता, ज्यातून कुठेच पोचायचे नाही असे चालणे हे दोघांनाच साधते, विरक्ताला आणि लहान मुलाला. भुजंगराव दोघांपैकी कोणीच नव्हते. वळण आले की ते थबकत, मागे पाहत, कोणी हाक मारली का म्हणून. दोन फेऱ्यांत त्यांना दम लागला आणि तिसऱ्या फेरीत नवा बूट चावू लागला.

"भुजंगराव," खुर्चीत पडल्यापडल्या सिद्धोधन म्हणाले, "प्रदक्षिणा घालायलाव का? मधी देव कोणता बसवलाय ते तरी बगा."

मध्ये तळ्यात एक लठ्ठ गृहस्थ फुगवलेल्या चक्रावर बसून डोळे मिटून तरंगत होते. सगळे हसले. भुजंगराव मात्र वळणावर उभे राहिले ते उभेच राहिले. प्रदक्षिणा. समुद्र. यात्रा. मावंदे. इतक्या वर्षांत जो मार्ग सापडला नव्हता तो एका थट्टेने दाखवला होता. मावंद्याला दादाला वाकावेच लागते.

त्याच दुपारी विजयमालाबाईंच्या बाबतीत एक लहानशी गोष्ट घडली. ती येथे सांगितलीच पाहिजे, कारण त्या सहलीत आदराने सांगण्याजोगे तेवढेच होते. त्या सावलीतल्या एका खुर्चीच्या टोकावर, पाय खाली सोडून, पदर सावरून बसल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवसाउजेडी आडव्या झालेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. घरात दीर, गडी, दारात गिऱ्हाईक. येथे कोणी त्यांच्याकडे पाहतच नव्हते. त्यांनी आधी पाठ टेकली. मग एक पाय वर घेतला, मग दुसरा. वाऱ्याने पदर उडत होता, तो त्यांनी हाताखाली दाबून धरला आणि त्या झोपी गेल्या. जहाज हळू हलत होते. पाळण्यानंतर त्यांना असे कोणी हलवले नव्हते.

"घरी बाज न्हाई का आपल्या?" भुजंगराव येऊन म्हणाले. "उठ. बाटली दे ती पाण्याची, रिकामी."

समुद्राचे पाणी न्यायचे होते, पण समुद्र कित्येक मजले खाली. खाली उतरून विचारपूस करण्याचे कष्ट भुजंगरावांनी घेतले नाहीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, तळ्याच्या काठाशी वाकले, आणि लठ्ठ गृहस्थ पलीकडे तरंगत असताना बाटली बुडबुड भरून घेतली. विजयमालाबाईंनी ते पाहिले आणि पुन्हा डोळे मिटले.

घरी येताच बाटलीतले पाणी गडूत गेले आणि मावंद्याची तयारी सुरू झाली. पूजेला गावचे बन्सीधर गुरुजी बोलावले. संकल्पात तीर्थाचे नाव घ्यावे लागते, म्हणून त्यांनी विचारले, "यात्रा कोणती मनायची?"

"समुद्राची."

येथे एक गोष्ट नमूद करावी. समुद्रप्रवास हा जुन्या शास्त्रकारांनी कलियुगात वर्ज्य ठरवला होता. पाण्यावरून आलेल्यास पूजा नव्हे, प्रायश्चित्त सांगितले होते. त्याला आधी पंचगव्य घ्यावे लागे आणि मगच पंक्तीला बसता येई. तो निर्बंध काळाने मोडला, हे योग्यच झाले. पण ज्याला काल प्रायश्चित्त होते त्याची आज पाद्यपूजा करायची, तर मधे निदान गुरुजींनी एक आवंढा गिळायला हवा होता. तो त्यांनी गिळला नाही.

"मग अडचन कशाची?" गुरुजी म्हणाले. "सगळ्या नद्या तिकडंच जातात. मंजे सगळी तीर्थं तिथंच." मग गडूचे झाकण काढून त्यांनी वास घेतला. "औषधाचा वास यायला."

"दुकानात ठिवला होता ना गडू."

गुरुजींनी झाकण लावले. विद्येचा उपयोग शंका घेण्यासाठी असतो, हे शिकवणारे त्यांना कोणी भेटले नसावे.

मावंद्याच्या दिवशी भुजंगराव पहाटेच गुपचूप वेशीवरच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसले, गेले तेही मोटारसायकलवरून. आणि हलगी-सनईच्या गजरात तेथून गावात आले. घरासमोर मांडव होता. दोघे पाटावर बसले. पाय धुतले गेले. त्या पायांना धूळ कोठून असणार? डेक रोज पहाटे साबणाने धुतात. तरीही लोक वाकत होते. आपले लोक भले आहेत. नमस्कार करताना ते समोरच्याची चौकशी करीत नाहीत.

थोरल्या जाऊबाई, छबूबाई, विजयमालाबाईंच्या पायावर पाणी घालताना हळूच म्हणाल्या, "काय बगितलंस गं माय एवढ्या लांब जाऊन?"

"झोपले बाई," विजयमालाबाई म्हणाल्या. "दिवसा."

छबूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि त्यांच्या पायांवर डोके टेकले ते जरा वेळ तसेच ठेवले.

भुजंगरावांचे लक्ष मात्र फाटकाकडे होते. कोण पाया पडले, कोणी टोपी दिली, कशाचीच शुद्ध नव्हती. दादा येईल का? आला तर कोपऱ्यात बसेल का? नाही वाकला तर? गुरुजी मंत्र म्हणत होते आणि भुजंगराव मान उंचावून मांडवाच्या दाराकडे पाहत होते.

आप्पाराव शेतातून आले. हौदावर हातपाय धुतले, डोक्याला गुंडाळलेले धोतर सोडून खांद्यावर घेतले आणि रांगेत उभे राहिले. लोक म्हणाले, "आप्पा, तुमी फुडं व्हा." ते पुढे झाले नाहीत. पाळी आल्यावर कमरेत वाकले, दोन्ही हातांनी धाकट्याचे पाय धरले आणि त्यांवर कपाळ टेकवले. अनमान नाही, थांबणे नाही, काही नाही.

भुजंगरावांना वाटत होते की त्या क्षणी आपल्या आत काहीतरी होईल. ते वाट पाहत राहिले. काही झाले नाही. आप्पाराव उठले, मांडवाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "लोक ताटकळलेत की. पंगत कामून बसवली न्हाई?"

मग सारे आपोआप झाले. आप्पा, पहिली पंगत पाव्हण्यांची का गावची? आप्पा, भात अजून शिजतोय, थांबायचं का? आप्पा, वरण कमी पडंल का? आप्पाराव हातात पळी घेऊन उभे राहिले आणि माणसे पटापट बसू लागली. पूजा संपली नव्हती म्हणून भुजंगरावांना पाटावरून उठता येत नव्हते. हळद-कुंकवाने माखलेल्या पायांनी ते आपल्याच मांडवात, आपल्याच जेवणावळीकडे पाहत बसून होते.

अखेर सुटका झाली. ते अनवाणी आप्पारावांजवळ गेले.

"दादा, तुमी माझ्या पाया पडलाव."

"व्हय."

"मोठं असून."

"मंग? रीत हाय," आप्पाराव भाताकडे पाहत म्हणाले. "पोळ्याला बैलाच्या पाया पडत न्हाई का आपून?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भुजंगरावांना निदान भांडता आले असते. आप्पारावांनी खरोखरच जे मनात होते ते सांगितले होते. आणि खरे सांगायचे तर तुलनेत बैलावरच अन्याय झाला होता, कारण त्याच्या पायांना निदान शेताची माती असते.

दुसरी पंगत भरत आली होती. भुजंगराव मांडवात इकडून तिकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले. प्रत्येक पत्रावळीमागे कोणीतरी होते. घर त्यांचे, जेवण त्यांचे, सोहळा त्यांचा. कोणी त्यांना 'इकडं या' म्हणाले नाही, कारण कोणाला कोठे बसवायचे हे आज आप्पा पाहत होते.

"दादा," शेवटी त्यांनी विचारले, "मी कुठं बसू?"

आप्पारावांनी पळीने जागा दाखवली, आणि भुजंगराव तिथे जाऊन बसले.