नदीकाठच्या बाकाचा ठराव

माझी बायको गेल्या थंडीत इथं जर्मनीतच गेली. आजारी होती तेव्हा नेकार नदीच्या काठी एका बाकावर आम्ही रोज बसायचो. ती गेल्यावरही मी तिथंच बसायचो, एका कडेला. जरा ऐसपैस झालो की कानाशी यायचं, "अहो, सरका की." पोरगा म्हणायचा, भास आहे. असेल. मी सरकायचो.

पोरगा नेकारसुल्मला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. जेवताना त्यानं सांगितलं, सायकलींचा रस्ता रुंद करणार, बाक पलीकडच्या बाजूला नेणार, नगरसभेत ठराव आलाय. माझा घास तोंडातच राहिला.

मी चौथी शिकलेला, पण गावाकडं ग्रामपंचायतीचा मेंबर होतो. ठराव कसा अडवायचा हे मला कुणी शिकवू नये. आधी मेंबर गाठायचा. इथली मेंबर निघाली आमच्या कोपऱ्यावरची पाववाली बाई! ना जीप, ना मागं चार माणसं. मी नारळ पुढं केला, तिनं हात मागं घेतले.

"अहो बाबा, इथं मेंबरला काही द्यायचं नसतं," सून कुजबुजली.

"नारळ आहे. जमीन नाही लिहून देत तिला!"

सुनेनं ते जर्मनमध्ये सांगितलं तशी बाई हसली. म्हणाली, सभेच्या सुरुवातीला गावात राहणाऱ्या कुणालाही प्रश्न विचारता येतो. मला इथं मत नाही, मी म्हणालो.

"राहता ना? मग विचारा. पण भाषण नको, फक्त प्रश्न."

सभेत मी कोट घालून उभा राहिलो आणि मराठीतच विचारलं, "बाक तुम्ही उचलाल. त्यावर बसलेलं माणूस कसं उचलाल?"

सुनेनं ते तसंच्या तसं सांगितलं असणार, कारण बोलताना तिचा आवाज चिरकला. नगराध्यक्षांनी अदबीनं विचारलं, तिथं कोण बसतं?

"आम्ही दोघं."

नगराध्यक्षांनी ठराव मताला टाकला. मग हात वर झाले. पाववालीचा हात टेबलावरच राहिला. ठराव पास.

बाक आता पलीकडं आहे, झाडाच्या सावलीत. जागा चांगली आहे, खोटं कशाला बोलू. एकदा बसून पाहिलं. ऐसपैस बसलो, मुद्दाम पाय पसरले. कुणी सरका म्हणालं नाही.

तेव्हापासून मी जुन्या जागीच उभा राहतो, नव्या रस्त्याच्या कडेला. सायकलवाले घंटी वाजवतात, एकजण ओरडलाही.

"बाबा, कुणीतरी धडकेल हो!" सून म्हणते.

"धडकू दे. ती एकटी उभी राहील काय?"

परवा पाववाली आली. लांबूनच मला पाहून सायकलवरून उतरली. हँडल धरून चालत आली, आणि माझ्या शेजारी एका माणसाची जागा सोडून, गवतातून पुढं गेली.